घोड्याची किटली बोलेना

भट्टीचं दार उघडलं की कुणी अवाक्षर काढायचं नाही, ही माझ्या सासरची रीत. भांडी गार होताना वरच्या झिलईला केसासारखे बारीक तडे जातात आणि दर तड्याला नाजूक आवाज होतो, टिंग. तो आवाज आला तरच भांडं आमच्या घराण्याचं. घोडा काय, कुणीही रंगवतो.

घोडा मीच रंगवते, म्हणून मला असं म्हणायचा हक्क आहे. डावीकडे तोंड करून उधळलेला. तसाच शुभ मानतात.

अणुभट्टीचा अपघात झाला आणि आमचं ओबोरी गाव सोडून आम्ही कोरियामा शहरात आलो. भाड्याच्या गॅरेजात भट्टी मांडली. पण झिलईचा दगड आमच्या गावच्या डोंगरातला, आणि किरणोत्सर्गामुळे तो आता आणता येत नव्हता. माझे सासरे एइसाकू दीड वर्षं बाहेरचे दगड कुटून, चाळून, मिसळून बघत होते. पाच वेळा भांडी मुकी निघाली. सहाव्यांदा भट्टी लावताना ते म्हणाले, "या खेपेला नाही बोलली, तर चाक विकून टाकायचं. मी चिबाला धाकट्या मुलाकडे जाऊन नातवंडं सांभाळीन."

नातवंडं सांभाळतायत! मातीपासून तोडलं तर हा माणूस वर्षभर टिकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी नऊला दार उघडलं. माझ्या नवऱ्यानं, तोमोहारूनं, हातमोजे घालून चहाची किटली काढली आणि फळीवर ठेवली. निळसर हिरवी, पोटावर माझा घोडा. आम्ही तिघं श्वास रोखून उभे.

टिंग.

मला वाटलं, भास झाला. मग आणखी एक. मग लागोपाठ दोन. तोमोहारूचे डोळे भरून आले होते.

आणि बाबा एप्रनची गाठ सोडत होते.

"संपलं," ते म्हणाले. "चला, चहा टाका कुणीतरी."

"अहो बाबा, बोलतेय की ती!" तोमोहारू म्हणाला.

"माझी समजूत घालू नकोस. पन्नास वर्षं तो आवाज ऐकलाय मी."

"हा काय, आत्ता झाला! पुन्हा झाला!" मी म्हटलं.

ते इतक्या मायेनं हसले की मला संताप आला. "सानाए, तू गुणाची आहेस गं. पण म्हाताऱ्याला असं फसवू नये."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षभर हे टीव्ही असा लावतात की शेजारणीला बातम्या फुकटात मिळतात. तीन हाका मारल्या की एक 'ओ' येते. आम्ही समजत होतो, गाव सुटल्याच्या दुःखानं गप्प झालेत.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाहीये!"

"मला सगळं ऐकू येतं."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी शाईची वाटी ओढली आणि कोमट किटलीवर काळी शाई खसाखसा चोळली. घोडा दिसेनासा झाला.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं!"

मी ओल्या फडक्यानं शाई पुसून काढली. तड्यांत शिरलेली तेवढी राहिली. घोड्याच्या आयाळीवरून, पायांखालून, सगळ्या किटलीभर बारीक काळं जाळं उमटलं होतं.

बाबांनी चष्मा लावला. किटली उजेडात धरली, फिरवली, उलटी करून पाहिली. एका तड्यावरून बोट नेत नेत बुडापर्यंत गेले. मग मटकन स्टुलावर बसले.

"म्हणजे झिलई जमली?"

"जमली!" मी ओरडले.

"मग बिघडलेत ते माझे कान?"

"हो!"

"नक्की ना? कानच?"

"कानच, बाबा!"

"अरे, नुसते कानच गेलेत!" त्यांनी मांडीवर थाप मारली आणि ते हसता हसता रडायला लागले. बहिरा झालो म्हणून एवढा खूश झालेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्याही छातीवरचा दगड उतरला.

तोमोहारू एकेक भांडं काढून फळीवर मांडत होता. बाबांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"कशी बोलतायत, ते सांग ना मला."

मी त्यांच्या कानाशी वाकले. फळीवर आवाज झाला की मी ओरडायची, "टिंग!" ते डोळे मिटून मान डोलवायचे. भट्टी रिकामी होईस्तोवर माझा घसा पार बसला.