आईच्या पासवर्डांची वाटणी

आईच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड सांभाळणारं अ‍ॅप दोन वर्षांपूर्वी थोरलीनेच बसवून दिलं होतं. त्यामुळे ते आपलं आपण उघडायला लागलं, तेव्हा आईने पहिला फोन तिला करायला हवा होता. पण तिला हे कळलं भावाकडून, तेही बोलण्याच्या ओघात.

"अगं ताई, आईचं ते अ‍ॅप सारखं मध्येच उघडतंय म्हणे. हिने दोनदा जाऊन बघितलं, पण काही पत्ता लागेना."

'ही' म्हणजे भावजय. थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. ती स्वतः एका मोठ्या कचेरीच्या संगणक विभागात वीस वर्षं काढलेली, तीनशे माणसांची दुखणी निस्तरणारी. आणि भावजय ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवणारी!

"उद्या माझी गाडी बंद पडली की आईलाच बोलावते," ती नवऱ्याला म्हणाली. नवरा हसला नाही. शहाणा माणूस.

रविवारी ती आईकडे गेली. आई कोर्टात टायपिस्ट होती. निवृत्त झाल्यावर घरी बसून लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायची, मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत, आणि वेग असा की बघणाऱ्याला धाप लागावी.

"दर पाच मिनिटांनी टपकतं मेलं," आई म्हणाली. "आगंतुक पाहुण्यासारखं."

थोरलीने खुर्ची ओढली. कॉम्प्युटर सुरू होताना अ‍ॅप उघडायची सोय बंद केली. ब्राउझरमधली त्याची जोडणी काढली, पुन्हा घातली. शेवटी अ‍ॅपच उडवून नव्याने बसवलं. मग माउस फिरवत तासभर हे उघड, ते बंद कर, असं केलं. अ‍ॅप एकदाही टपकलं नाही. डॉक्टरसमोर ताप उतरावा तशी गत.

"झालं," ती म्हणाली. आई चहा टाकायला गेली आणि थोरलीने सहज म्हणून एक पान उघडलं, कोणाला काय दिसतं ते दाखवणारं. 'दवाखाना' नावाच्या कप्प्यापुढे एक छोटासा गोल फोटो होता. स्टिअरिंगमागे बसून हसणारी भावजय. 'विजेचं बिल' : भावजय. 'घरपट्टी' : भावजय. आपला फोटो कुठे आहे का, म्हणून थोरलीने खालपर्यंत पाहिलं. नव्हता.

स्वयंपाकघरात कपबशी वाजली. थोरलीने तिन्ही फोटोंपुढचं 'काढून टाका' दाबलं, आणि चहा घेताना आईशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

मंगळवारी आईचा फोन आला. अ‍ॅप पुन्हा उघडत होतं. "येते गं सवडीने," थोरली म्हणाली, पण गेली नाही. त्या कॉम्प्युटरसमोर बसायचं तिच्या जिवावर आलं होतं.

पुढच्या सोमवारी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सोबत भावजय गेली, कारण तिला सकाळची सुट्टी असते, असं आई म्हणाली. हेही थोरलीला लागलं होतंच. दहाच्या सुमाराला कचेरीत तिचा फोन वाजला.

"ताई, इथे आईंच्या डोळ्यांची जुनी मापं मागताहेत. ती दवाखान्याच्या साइटवर आहेत, पण पासवर्डचा तो कप्पाच माझ्याकडे दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, अर्ध्या तासात मिळाली तर आज, नाहीतर दोन आठवड्यांनी."

"तुझ्या फोनमध्ये काहीतरी बिघाड असेल," थोरलीच्या तोंडातून निघून गेलं.

भावजय हळू आवाजात म्हणाली, "नाही ताई. काढून टाकल्याचा निरोप मला त्याच रविवारी आला होता. तुम्ही तेव्हा तिथेच होतात ना? ते राहू दे. आधी मापं मिळवू."

तिने आरडाओरडा केला असता तर थोरलीला बरं वाटलं असतं. साहेबांना जेमतेम सांगून ती धावतच निघाली. आईचं अ‍ॅप फक्त तिच्याच कॉम्प्युटरवर उघडायचं. घराची किल्ली थोरलीकडे होती, अ‍ॅपचा मुख्य पासवर्ड मात्र नव्हता. तो आईने फोनवर सांगितला. डोळ्यांत औषध घातलेलं, कानाला ऐकू कमी. तिने एकेक अक्षर असं खणखणीत उच्चारलं की दवाखान्यातल्या निम्म्या लोकांना तो पाठ झाला असेल. मापं वेळेत पोचली. ऑपरेशन झालं.

संध्याकाळी आई डोळ्यावर पट्टी लावून पलंगावर बसली होती. थोरलीने सगळं कबूल केलं.

"माझा एकही कप्पा नाही तुझ्या अ‍ॅपमध्ये," शेवटी ती म्हणाली. चाळिशी उलटलेली बाई, पण आवाज शाळकरी पोरीचा झाला होता.

"तुला काही विचारलं की तू शिकवायला लागतेस," आई म्हणाली. "'किती वेळा सांगितलं तुला' असं म्हणतेस. ती नुसतं 'बरं' म्हणते आणि करून टाकते. म्हणून तिला दिलं. दुसरं काही नाही गं."

थोरलीला हे कुठल्याही शिवीपेक्षा झोंबलं. पण ते खोटं नव्हतं.

पट्टी निघाल्यावर पुढच्या आठवड्यात आईने राहिलेला प्रबंध हाती घेतला. थोरली शेजारी बसली होती, भावजय मागे उभी. आई टाइप करत सुटली आणि अ‍ॅप टपकलं. थोरली पडद्याकडे बघत राहिली. भावजय बघत होती आईच्या हातांकडे. शिकाऊ ड्रायव्हरांचे हातपाय बघण्यातच तिचा जन्म गेला होता.

"आई, आत्ता डाव्या हाताने काय दाबलंत?"

"भाषा बदलली."

"पुन्हा बदला बरं."

अ‍ॅप पुन्हा उघडलं. थोरलीने कपाळावर हात मारला. भाषा बदलायला आई ज्या तीन कळा दाबायची, त्याच अ‍ॅप उघडायच्याही होत्या. हल्लीच्या अपडेटमध्ये अ‍ॅपने त्या परस्पर घेतल्या असणार. थोरलीने त्या रविवारी तासभर नुसता माउस फिरवला होता. टाइप एक अक्षर केलं नव्हतं.

"छान पकडलंस," ती म्हणाली.

"मला फक्त दिसलं. बदलायचं कसं ते कुठे येतं मला?" भावजय खुर्ची ओढून जवळ बसली. "दाखवता का?"

सेटिंग कुठे असतं, कळा कशा बदलायच्या, हे थोरलीने तिला दाखवलं. सगळं दाखवलं, काही लपवलं नाही. फक्त जरा भरभर दाखवलं.