पडद्यावरचा तीळ

सत्तरच्या दशकात गावातल्या एकुलत्या एका टॉकीजमध्ये सगळ्या नायिका सारख्याच दिसत. गाल ढगासारखे, डोळे काजळाच्या दोन डागांसारखे, आणि केस कुठे संपतात नि मागचा अंधार कुठे सुरू होतो, हे कळायला मार्ग नाही. गावाची प्रामाणिक समजूत अशी की, सिनेमातली माणसे मुळातच मऊ असतात. शहरातला एखादा पाहुणा म्हणाला, "अहो, त्या बाईच्या गालावर तीळ आहे!" की गाव त्यालाच वेड्यात काढी.

या समजुतीला सुरुंग लावला तो चष्मेवाल्याने. वय तिशीच्या अलीकडे, शिक्षण पदार्थविज्ञानाचे, आणि पुराव्याशिवाय स्वतःच्या भुकेवरही विश्वास न ठेवण्याची सवय. पाठीमागे त्याला सगळे भिंगोजी म्हणत. त्याचे दुकान टॉकीजच्या बरोबर समोर होते. एका अंगाला घड्याळवाले, दुसऱ्या अंगाला टेलर, कोपऱ्यावर सोडावाला. टेलरकडे शिवायला टाकलेला शर्ट हाती येईपर्यंत मालक वाढून जाई. पण तिथे कालच्या सिनेमातली मारामारी कात्री, फूटपट्टी आणि हावभावांसकट पाहायला मिळे, म्हणून टेलर बदलायचे कुणाच्या स्वप्नातही येत नसे.

मध्यंतरात या दुकानांच्या जाहिराती काचेच्या स्लाइडवरून पडद्यावर येत. चष्मेवाल्यानेही एक स्लाइड रंगवून घेतली. वर टपोऱ्या अक्षरांत: 'शेवटची ओळ वाचता येत नसेल, तर समोरच्या दुकानात या.' खाली लहान होत जाणाऱ्या ओळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर अख्खे गाव उभे होते.

त्याने एकेकाचे डोळे तपासले. सगळ्यांची नजर ठणठणीत. टेलरने तर तक्त्याखालचे छापखान्याचे नावसुद्धा वाचून दाखवले.

"वा रे भिंगोजी!" घड्याळवाले कडाडले. "आधी गावाला आंधळं ठरवायचं आणि मग चष्मे खपवायचे! डोकं आहे हं तुझं!"

"काका, तुम्हाला चष्मा नकोच आहे, असं मीच सांगतोय ना?"

"तेच तर! खपवतसुद्धा नाहीस! मग बोलावलंस कशाला?"

चष्मेवाल्याने शांतपणे विचार केला. तीच माणसे, तेच डोळे. दुकानात दिसते, टॉकीजमध्ये दिसत नाही. म्हणजे दोष डोळ्यांत नसून टॉकीजमध्ये आहे. आणि टॉकीजमध्ये चित्र स्पष्ट करण्याचे काम एकाच डोळ्यांच्या जोडीकडे आहे. तर्क इतका सरळ निघाला की तो त्यालाच नकोसा झाला. कारण ते डोळे ऑपरेटरकाकांचे होते, आणि ऑपरेटरकाकांची मुलगी टॉकीजच्या तिकीटबारीवर बसत असे.

दर नव्या सिनेमाचे पहिले तिकीट तो काढी. ती त्याला बाल्कनीतली दाराजवळची खुर्ची देई, आणि खेळ सुरू झाला की बारी लावून त्या दारात येऊन उभी राही. प्रकरण एवढेच. पण दोघांच्या मते लग्न ठरल्यात जमा होते. फक्त ते तिच्या वडिलांच्या कानावर घालायचे राहिले होते.

त्याने तडक बारीवर जाऊन तिला तर्क ऐकवला.

"ठाऊक आहे मला," ती हळूच म्हणाली. "परवा बाबा खुंटीवरच्या कोटाला 'बसा की' म्हणाले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मॅनेजरनी सांगून बघितलं. म्हणाले, चित्र अंधुक दिसतं. बाबांनी मशीनच्या खोलीला आतून कडी घातली आणि अख्खा खेळ कडीतच काढला. तुम्ही सांगितलंत, तर जन्मात जावई करून घ्यायचे नाहीत. आणि एकदा का चष्मा लागला, की त्यांना बाल्कनीचं दार दिसणार. दारात कोण असतं? मी. मी बघते कुणाकडे?"

"म्हणजे गावाला तीळ दाखवायचा, तर आपलं बिंग फुटणार."

"तुम्हीच ना ते विज्ञानवाले? काढा मार्ग!" असे म्हणून तिने बारी लावून घेतली.

मार्ग एकच होता, आणि तो जिन्याने वर जात होता. दुपारचा खेळ सुरू होताच चष्मेवाला भिंगांची पेटी घेऊन मशीनच्या खोलीत दाखल झाला. आत गरम तेलाचा वास, मशीनची खडखड, आणि तिच्याशेजारी सेनापतीच्या थाटात ऑपरेटरकाका.

"काका, एक शंका आहे. या बाईच्या कुठल्या गालावर तीळ आहे? डाव्या की उजव्या?"

"तीळ? हा पिक्चर मला तोंडपाठ आहे! तीळबीळ काही नाही."

"गावात वाद चाललाय. तुमचा शब्द शेवटचा. पण साक्षीदाराने नीट पाहिलं होतं असं मला लोकांना सांगता आलं पाहिजे." आणि त्याने नंबर तपासायची लोखंडी चौकट काकांच्या नाकावर चढवली. एक भिंग टाकले, काढले, दुसरे टाकले.

काका खिडकीतून पाहू लागले. त्यांनी मशीनचे भिंग केसभर फिरवले. खाली अख्ख्या टॉकीजमधून "आँ!" असा एकच आवाज उठला.

"आयला," काका म्हणाले. "डाव्या."

मग ते पडद्यावर जणू तुटून पडले. "अरे, हिला तर पापण्या आहेत! तो मागचा डोंगर रंगवलेला आहे! लबाड लेकाचे!" हर्षाने त्यांनी चष्मेवाल्याची पाठ इतक्या जोरात थोपटली की पेटीतली भिंगे किणकिणली. "आणि तो बघ, सोडावाला घोरतोय! आणि ती दारात..."

दारात त्यांची मुलगी उभी होती. पडद्याकडे पाठ करून ती मशीनच्या खिडकीकडे बघत होती आणि 'काय झालं?' असे हाताने विचारत होती. अर्थात वडिलांना नव्हे.

काकांनी मान वळवली. चौकटीतल्या भिंगांआडून त्यांचे डोळे बारीक पण भयंकर दिसत होते.

"कधीपासून?"

"काका, चित्र अंधुक होतं, तेव्हापासून," चष्मेवाल्याने खरे तेच सांगितले.

"बाहेर!"

तेवढ्यात रीळ संपले, पडदा पांढराफटक पडला आणि शिट्ट्यांचा पाऊस सुरू झाला. चष्मेवाला जिना उतरून आपल्या खुर्चीत येऊन बसला. चौकट वरच राहिली होती. मुलगीही दारातून नाहीशी झालेली. गावाला तीळ मिळाला आणि आपले सगळे गेले, असा हिशेब त्याने मांडला. त्यात चूक सापडेना.

मध्यंतर झाले. सोडावाला जागा झाला. घड्याळवाल्यांची स्लाइड आली, टेलरची आली, दोन्ही लख्ख. आणि मग एक नवीच आली. घाईत खरडलेली, आणि उलटी! अक्षरांचे पाय वर, डोकी खाली.

त्याचे कारण साधे आहे. भिंग प्रतिमा उलटी करते, म्हणून स्लाइड यंत्रात उलटी घालावी लागते. दुकानांच्या स्लाइडना त्यासाठी कोपऱ्यात लाल ठिपका असे, आणि ऑपरेटरकाका ठिपका पाहून न वाचताच ती सरकवत. ही त्यांनी स्वतः लिहिली होती. ठिपका नव्हता. आणि नव्या नजरेच्या आनंदात ती पुन्हा एकदा वाचून, वाचली तशीच सुलटी त्यांनी आत घातली होती.

टॉकीजभर माना वाकड्या झाल्या. टेलर खुर्चीवर उलटा लटकला. भिंगांमुळे उलट्या अक्षरांची सवय फक्त चष्मेवाल्याला. त्याने क्षणात वाचले. पण एकाच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, हा त्याचा नेम.

"काका," तो शेजारी बसलेल्या घड्याळवाल्यांना म्हणाला, "तुम्ही वाचा. मोठ्यानं."

घड्याळवाले जागेवरून उठले, पडद्याकडे पाठ केली आणि दोन पायांमधून डोके घालून वाचू लागले: "'समोरच्या चष्मेवाल्याने रविवारी सकाळी... मुलीच्या बापाला... घरी येऊन रीतसर भेटावे. चष्मा घेऊन यावा. हुकमावरून.' अरे भिंगोजी! ही तुझी जाहिरात की काय?"

दारातून खळखळून हसण्याचा आवाज आला. चष्मेवाल्याने वळून पाहिले. ती परत आली होती.

"परत वाचा, काका," तो म्हणाला. "खात्रीसाठी."