सात नंबरचा पापड

मे महिना संपत आला तेव्हा पुतळीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुणे असते तर दोन दिवस राहून गेले तरी असते. इथे पापडांचे डबे होते. खाटेखाली डबे, दाराआड डबे, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर डबे. पुतळीची मुलगी प्रणिता झोपेत कूस बदलायला गेली की तिचा पाय पत्र्यावर आपटायचा आणि सगळं घर दणाणायचं.

सगळे पोह्यांचे पापड. पुतळी, ठमाबाई आणि शेजारच्या आणखी तिघी अशा पाच बायकांनी मिळून फाल्गुनापासून कुटलेले, लाटलेले, वाळवलेले. पेणच्या खाडीकाठचं मिठागर बंद पडल्यापासून या पाचजणींचं पोट पापडांवरच चालत होतं. मिठाच्या पाट्या वाहून ज्यांच्या माना गेल्या, त्यांना लाटणं म्हणजे सुखच वाटायचं. माल जायचा पेणच्या बाजारातल्या कमळाकर शेठकडे. शेठने फार वर्षांपूर्वी शेकड्याला एक भाव ठरवून दिला, तो हळूहळू एकशे तीसपर्यंत आला आणि तिथेच बसला. बाकीच्या बायका सव्वादोनशे-तीनशे घेत होत्या हे पुतळीला ठाऊक होतं. पण भाव वाढवून मागायचा म्हणजे आपला माल चांगला आहे असं आपल्याच तोंडाने म्हणायचं. ते तिला जमायचं नाही.

या होळीनंतर शेठने दुकान बंद केलं. मुलं ठाण्याला, गुडघे गेलेले, करायचं कोणी? बायकांनी लाटणी खाली ठेवली. तेव्हा प्रणिता बोलून गेली होती, "तुम्ही लाटा. मी बघते." बोलायला काय लागतं! त्या एका वाक्यावर पाचजणींनी चैत्र-वैशाखाचं ऊन सार्थकी लावलं आणि घर डब्यांनी भरलं. आता मृग आठवड्यावर आला होता. एकदा हवा दमट झाली की पापड मऊ पडतात, मग त्यांना बुरशी येते, आणि मग ते खाडीत टाकायच्याच लायकीचे राहतात.

प्रणिताचं हे बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. ती पेणच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली, आणि रोह्याला, कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमीत, धनेश सरांच्या ऑफिसात हिशेबाच्या कामाला होती. हे सर मूळचे ठाण्याचे. कोलाडला हायवेवर कोकणी खाऊचं मोठं दुकान काढत होते. पापडासाठी बायकांच्या सोळा गटांचे नमुने आले होते आणि दुकानात जागा बारा गटांनाच होती. सरांची निवडायची पद्धत अशी की खुर्चीत बसायचं, एकेक तुकडा तोंडात टाकायचा आणि आणणारीच्या तोंडाकडे बघायचं.

"सर, एका माणसाच्या जिभेवर जाऊ नका," प्रणिता म्हणाली होती. "आज तुम्हाला सर्दी असेल, उद्या पोट बिघडलेलं असेल. आपण रिग्रेशन लावू."

मग तिने कागदावर काढून दाखवलं होतं. आडवी रेघ किमतीची, उभी रेघ गुणवत्तेची. प्रत्येक पापडाचा एक ठिपका. या सगळ्या ठिपक्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी एक सरळ रेघ काढायची. अमुक किमतीला पापड साधारण कसा असायला हवा, हे ती रेघ सांगते. ठिपका रेघेच्या वर असेल तर माल पैशाच्या मानाने सरस, खाली असेल तर गिऱ्हाईक फसलं. सगळ्यात खाली पडतील त्या चार गटांना नारळ द्यायचा. सरांना रेघ आवडली. कागद त्यांनी भिंतीला चिकटवला.

यातल्या एका गटात माझी आई आहे, हेही प्रणिताने तेव्हाच सांगून टाकलं. लपवायला तिला काही कारणच दिसत नव्हतं. सगळ्यात कमी भाव आणि सगळ्यात चांगला पापड. आईचा ठिपका रेघेच्या कितीतरी वर जाऊन बसणार होता. सर म्हणाले, "मग नावं झाकू. वाडग्यांना फक्त नंबर द्या. आणि चव घ्यायला पापडातलं कळणारी माणसं आणा."

पापडातलं कळणारी माणसं म्हणजे पापड करणाऱ्या बायकाच. प्रणिताने आठ जणींना बोलवायचं ठरवलं. पण ऐन सिझनमध्ये उन्हं सोडून रोह्याला कोण येतो? बाकीच्या गटांतल्या तिघीच तयार झाल्या. उरलेल्या पाच जागा तिने आपल्या हक्काच्या माणसांनी भरल्या: आये, ठमाकाकी आणि त्या तिघी. यांच्यासारखी जीभ अख्ख्या तालुक्यात नाही, असं तिचं मत होतं, आणि ते खरंही होतं. नावं तर झाकलेलीच होती. मग भ्यायचं कशाला?

चव घ्यायच्या दिवशी अष्टमीच्या ऑफिसात नुसता तळणाचा वास. सोळा वाडगी, सोळा नंबर. बायका ठेवणीतली लुगडी नेसून ओळीने बसल्या होत्या. तुकडा मोडायचा, चावायचा, घोटभर पाणी प्यायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या आपले मार्क ऑफिसातल्या वैशालीच्या कानात सांगत होत्या, प्रणिताच्या नव्हे. प्रणिताने मुद्दामच स्वतःला लांब ठेवलं होतं. सात नंबरच्या, म्हणजे घरच्याच पापडाच्या वाडग्याशी आये जरा थबकल्यासारखी तिला वाटली. ठमाकाकी तोंडावर पदर धरून हसली. प्रणिताच्या मनात आलं, चला, जमलं.

दुसऱ्या दिवशी तिने आकडे कॉम्प्युटरवर चढवले. पंधरा नंबरांची सरासरी आठ, नऊ, क्वचित साडेसात. सात नंबरला आलेले मार्क असे: नऊ, नऊ, नऊ. आणि मग दोन, तीन, दोन, एक, दोन.

तिने कागद परत तपासला. वैशालीला विचारलं. वैशाली म्हणाली, "त्यांनी सांगितलं तेच लिहिलंय मी गो."

रेघ काढली तर ती डावीकडून उजवीकडे छान चढत गेली होती. ती का चढली हे प्रणिताला एका नजरेत कळलं. सात नंबर किमतीत सगळ्यात खाली, म्हणून डाव्या टोकाला एकटाच, आणि मार्कांतही सगळ्यात खाली. त्या एका ठिपक्याने अख्खी रेघ आपल्याकडे खाली ओढली होती. तो ठिपका झाकून तिने रेघ पुन्हा काढली, तर ती सपाट झाली, खाटेवर झोपवल्यासारखी. म्हणजे किमतीचा आणि चवीचा काही संबंधच नव्हता. संबंध होता तो तिच्या आईच्या एका पापडाने निर्माण केलेला. आणि एवढी रेघ ओढूनही तो ठिपका तिच्या खालीच होता, सोळांत सगळ्यात लांब.

धनेश सर मागून येऊन उभे राहिले. "वा! बघा, पैसा टाकला की माल चांगला मिळतो. मी म्हणतच होतो." त्यांनी त्याची प्रिंट काढायला सांगितली.

संध्याकाळी प्रणिता घरी आली तेव्हा ओट्यावर पाचहीजणी लसूण सोलत बसल्या होत्या. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"सात नंबरला दोन-दोन मार्क कोणी दिले?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं.

"मी दिले," ठमाबाई म्हणाली. "तुकडा मोडला तवाच कललं मना, आपलाच हाय. कडेला पातळ, मध्ये हिंग. म्हटलं, आता याला किती सांगू? ती वैशाली बघतंय तोंडाकडं. दोन म्हटलं."

"मी तर एकच दिला," पुतळी म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क थोडा अभिमान होता. "लाज वाटली गो. लोकांच्या घरी जायचं आन् आपल्याच हाताला नऊ मार्क द्यायचे? त्या रोह्याच्या बाया काय म्हणतील?"

"आये, नावं झाकली होती! कोणाला कळणार होतं?"

"आपल्याला कळतंय ना."

प्रणिता मटकन पायरीवर बसली. बाकीच्या गटांतून आलेल्या तिघींनीही आपापल्या पापडाला दोन-तीनच दिले होते, हे तिच्या आता लक्षात आलं. पण त्यांच्या वाडग्याला चव घेणाऱ्यांत त्यांची एकेकच होती, सात जणींनी ते सावरून घेतलं. सात नंबरला घरच्याच पाचजणी होत्या. तिनेच आणल्या होत्या, विश्वासाची माणसं म्हणून, आपल्या खर्चाने टेम्पो करून. तिला ओरडावंसं वाटलं, पण कोणावर ओरडणार? लहानपणापासून याच ओट्यावर कोणी भाजी छान झाली म्हटलं की तिला शिकवलेलं उत्तर एकच होतं, छे, आज मीठच कमी पडलंय.

"मग काय झालं?" पुतळीने विचारलं. हातातला लसूण थांबला होता.

"काय व्हायचंय! आपण बाद."

ठमाबाईने दारातून आत डब्यांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. या वेळी हसायला नव्हे.

दुसऱ्या दिवशी प्रणिता सरांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती.

"स्वतःच्या मालाला स्वतःहून एक मार्क?" ते म्हणाले. "असं कोण करतं?"

"आमच्याकडं करतात, सर."

"प्रणिता, तुमच्या आईचा माल बाद झाला आणि तुम्हाला नेमका तेवढाच ठिपका काढायचाय. माझ्या जागी बसून बघा."

तिने मनातल्या मनात बसून पाहिलं. तिलाही समोर आपल्या सोयीसाठी आकडा खोडणारी मुलगीच दिसली. "पुन्हा चव घेऊ," ती काकुळतीला आली. "दुसरी माणसं आणते. मी खोलीतही थांबत नाय. हवं तर माझा पगार कापा."

"परवा दुकान उघडतंय. मला बाराजणींना आज फोन करायचेत." तिचा चेहरा पाहून ते जरा विरघळले. "एक करा. आईंना घेऊन या दुपारी. त्यांनी स्वतः येऊन सांगितलं की मार्क चुकीचे दिले, आमचा पापड चांगला आहे, तर मी एक जागा वाढवतो. त्यांचं तोंडी सांगणं मी धरून चालेन."

प्रणिताने गावातल्या पोराला फोन करून आईला निरोप धाडला. पुतळी एक डबा घेऊन दुपारच्या गाडीने आली. स्टेशनपासून पूल ओलांडून ऑफिसपर्यंत प्रणिता तिला पढवत होती, "एकच वाक्य, आये. आमचा पापड चांगला हाय. बस्स. पाचजणींचा उन्हाळा हाय त्यात." पुतळी मान हलवत होती, ओठांतल्या ओठांत म्हणूनही बघत होती.

सरांनी खुर्ची दिली. पुतळी टोकावर बसली, डबा मांडीवर.

"मावशी, मोकळेपणाने सांगा. तुमच्या पापडाला दहापैकी किती मार्क?"

पुतळीने डब्याच्या झाकणावरून हात फिरवला. भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं, वैशालीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. प्रणिताने हाताची मूठ इतकी आवळली होती की नखं रुतत होती. बोल, आये. बोल गो. एकदा बोल.

"आता आपल्या तोंडानं काय सांगायचं, साहेब," पुतळी खालच्या आवाजात म्हणाली. "आमचं आपलं साधंच असतं. तुम्हीच खाऊन बघा." आणि तिने डबा पुढे केला.

सरांनी डब्याला हात लावला नाही. "मी एकट्याच्या जिभेवर गेलो, तर मग हे सगळं कशाला केलं आपण?" ते प्रणिताकडे पाहून म्हणाले. त्यांनी फोन उचलला आणि पहिला नंबर लावला.

परत जाताना ऊन कललं होतं. पुलावर वारा होता. पुतळीच्या डोक्यावर डबा, मागे दहा पावलांवर प्रणिता. तिला आईच्या शेजारून चालवत नव्हतं आणि तिला सोडून पुढेही जाववत नव्हतं. घरातले ते सगळे डबे आता कुठे आणि कसे न्यायचे, याचा विचार करायची ताकदही तिच्यात उरली नव्हती.

पुलाच्या मध्यावर पुतळी थांबली. डबा उतरवून तिने कठड्यावर टेकवला.

"दहा," ती म्हणाली.

"काय?"

"दहाला दहा गो!" पुतळीचा आवाज चढला, तिच्या मुलीने तो कधी ऐकला नव्हता इतका. "त्या सोळा वाडग्यांत आपल्यासारखा एक पापड नव्हता. सगळे खाल्ले मी. एकाला कुटणं नाय, एकाला हिंग नाय. आपलाच होता. दहा!"

"मग तिथं का नाय सांगितलंस, आये?" प्रणिताला रडू आवरेना.

पुतळीने तिच्याकडे पाहिलं, जणू पोरीला काही कळतच नाही असं.

"तिथं लोक होते," ती म्हणाली, आणि डबा पुन्हा डोक्यावर घेऊन चालू लागली.