बकुळा ढकलायची ती आगगाडी

मी एक आगगाडी, पण माझ्या पोटात वाफ कधीच नव्हती. परळच्या रेल्वे वर्कशॉपात कामाला असलेल्या रामजींनी टाकाऊ पत्र्यातून मला घरी बसून घडवलं. एक इंजिन, तीन डबे, अंगाला लाल रंग. लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत रामदास आणि धाकटी बकुळा, दोघं भावंडं रंग वाळायची वाट बघत बसली होती.

मला चावी नव्हती. कुणीतरी ढकलावं लागे. ते काम बकुळेचं. रामदास लादीला गाल टेकून, एक डोळा मिटून नुसता बघायचा.

"दादा, तू खेळत का नाहीस रे?"

"खेळतोय की! इथून गाडी केवढी मोठी दिसते! परत आण. जरा हळू."

हात दुखले म्हणून ती कुरकुरायची, पण परत आणायची.

त्या बघण्याचं वेड रामदासला सोडेना. मोठेपणी तो दादरच्या एका स्टुडिओत कॅमेरामनच्या हाताखाली लागला. बकुळा गिरणीत जाऊ लागली. मी फळीवर गेले.

मग छप्पनचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ही बातमी आली आणि लालबाग पेटलं. संचारबंदी लागली. घरात पाण्याचा थेंब नव्हता. "हंडा भरून आत्ता येते," म्हणत बकुळा खाली नळावर गेली. रस्त्यावर पोलिसांच्या गोळ्या सुटल्या. फळीवर माझे डबे थरथरले. रामदासनं तिला उचलून वर आणलं, तेव्हा सांडलेल्या पाण्यानं तिचे केस भिजले होते. तिच्यात जीव उरला नव्हता.

महिनाभर रामदास कामावर गेला नाही. मग एका दुपारी त्यानं स्टुडिओतून कॅमेरा आणि उरलेल्या फिल्मचे तुकडे मागून आणले. मला खाली काढलं. लादीवर आडवा झाला. पण ढकलणार कोण? शेवटी त्यानं इंजिनाला काळा दोरा बांधला आणि स्वतःच ओढला. मी अडखळत रिकाम्या खोलीतून गेले आणि थांबले. एवढंच ते चित्र, तीन मिनिटांचं.

स्टुडिओतल्या लहान पडद्यावर ते दाखवलं. दिग्दर्शकांनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "पुढच्या चित्राचा कॅमेरा तू धर, रामदास."

तो हसला नाही. त्याची आई कौसल्याबाई मला पदरात धरून बसली होती. ती म्हणाली, "बकुळीचा हात का नाय दाखवलास रे?"

"कुठून आणू, आये?"

आता महाराष्ट्र झालाय, मुंबईसकट. रामदासनं स्वतःचं चित्र करायला घेतलंय, त्यात मी आहे. आज सकाळी सेट रंगवणारे कुशाबा लाल रंग घेऊन आले. "मागच्या डब्याचा पत्रा उघडा पडलाय. नवाकोरा करतो बघ."

रामदासनं मला हातात घेतलं. उघड्या पत्र्यावर अंगठा ठेवून तो उभा राहिला, आणि मी मनातल्या मनात म्हणाले:

कुशाबा, ढकलताना बकुळा तिथं बोटं टेकायची. बाकी सगळं रंगवा. तेवढी जागा राहू द्या.