कानिफकाकांचा धैंचा

"दये, हे ह्यांनीच पेरलेलं हाय का, तेवढं बघ," रतनकाकू म्हणाल्या. "असंल तर मी ह्याचं बियानं धरनार. न्हाईतर फिरव म्हनते ट्रॅक्टर."

काकूंचं हे रान पाटालगत आहे. पाझरानं पाणी मुरून ते चिबडलं, म्हणून गेल्या वर्षी कानिफकाकांनी त्यात हिरवळीच्या खतासाठी धैंच्याचं बी फेकलं होतं. फुलावर आला की गाडायचा, म्हणजे जमीन सुधारते. पण पाणी तुंबलं, काही उगवलं नाही, आणि श्रावणात काका गेले. यंदा त्याच चिखलातून कमरेएवढी झाडं वर आली होती. बारीक पानं, पिवळी फुलं. काकूंनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

"फुलं लागली की गाडायचं, असं वडीलच सांगायचे," त्यांचा मुलगा राधाकृष्ण बांधावरून म्हणाला. "आता शेंगा धरल्या. आईला त्याचं लोनचं घालायचं असंल."

"तुझ्या लग्नात वाढीन," काकू म्हणाल्या.

मी नेवाशाच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माहेरचं घर काकूंच्या शेजारी. लांबून मलाही धैंचाच वाटला होता. जवळ गेल्यावर खोड दाबलं. मऊ आणि हलकं. शेंग दोन बोटं लांब, ठिकठिकाणी चिमटे काढल्यासारखी. वाकवली तर सांध्यावर तुटली. प्रत्येक तुकड्यात एकच बी.

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"धैंच्याची शेंग वीतभर असते, काकू. सुतळीसारखी. ती अशी तुटत नाही. हे रानटी आहे. ओलीतच येतं. हे तुकडे पाण्यावर तरंगतात, पाटानं आले असतील."

"म्हंजे कुनीच न्हाई पेरलं."

"नाही."

त्यांनी शेंग घेतली, एकेक सांधा मोडला आणि तुकडे तळहातावर ठेवले. राधाकृष्णनं वर थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"पर त्यांनी टाकलेलं बियानं हितंच पडलं हुतं," काकू म्हणाल्या. "ते वर्सभर जितं ऱ्हातंय का?"

"कवच कठीण असतं. एखादं राहू शकतं. पण इतक्या पाण्यात, सांगता येत नाही."

"एखादं," काकू म्हणाल्या आणि नऊवारीचा काष्टा खोचून चिखलात उतरल्या.

मी चप्पल बांधावर काढून मागोमाग गेले. पोटऱ्यांपर्यंत गार गाळ. काकू डावीकडून, मी उजवीकडून, प्रत्येक झाडाची शेंग वाकवून बघत निघालो. कट. कट. सगळ्या तुटत होत्या. काकू मोडलेली शेंग टाकायच्या आणि पुढच्या झाडाला हळूच हात घालायच्या, झोपलेल्या माणसाला उठवावं तसा.

वर ट्रॅक्टरवाला विचारत होता, आज व्हतंय का उद्या यिऊ. राधाकृष्ण म्हणाला, "थांब जरा. चहा घिऊ."

पलीकडच्या बांधाला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मी हात धुतले. काकू पाटाच्या अंगाला, दाट झाडांकडे बघत उभ्या होत्या.

"तिकडं राह्यलंय बघायचं," त्या म्हणाल्या.