रिनाच्या खाटेवरची मच्छरदाणी

मी एक मच्छरदाणी बोलतेय. निळी, औषध लावलेली, सरकारी. कुरखेड्याकडच्या जंगलातल्या एका गावात आशाताईनं मला श्रावणभाऊंच्या हातात दिलं आणि सांगितलं, "पोरींच्या खाटेवर बांधा."

घरात श्रावणभाऊंच्या दोन पोरी, रिना आणि धाकटी मयुरी. आई आधीच वारलेली. गावात ख्रिस्ती घरं थोडीच. कधीमधी फादर यायचे, तेव्हा अंगणातच मिस्सा, म्हणजे सगळ्यांची मिळून उपासना, व्हायची.

माणसं माझे नाना उपयोग करतात. कोणी माझ्याखाली कोंबडीची पिल्लं झाकतं, कोणी मला धानाच्या पऱ्ह्यांभोवती, कोवळ्या रोपांभोवती बांधतं. श्रावणभाऊ पावसाळ्यात मला खाटेवरून सोडून नाल्यावर न्यायचे. माझ्यात झिंगे चांगले सापडत, पोरी आवडीनं खात. मी दोरीवर वाळत राहायची आणि खाट उघडी.

मयुरीला ताप आला. मलेरिया डोक्यात चढला. दवाखान्यात पोचली तेव्हा ती कोणालाच ओळखत नव्हती.

तिला पुरून आल्यावर रिनानं मला धुतलं, घडी घातली आणि बापाशी बोलणं सोडलं. बारावी झाल्यावर एवढंच म्हणाली, "मी सिस्टर बनायले जातो."

चुलीपाशी बसलेले श्रावणभाऊ म्हणाले, "जा."

बल्लारपूरजवळच्या ख्रिस्ती संन्यासिनींच्या कॉन्व्हेंटमध्ये मी तिच्या पिशवीतून गेले. तिथं उमेदवार मुलींकडे पाहायला सिस्टर लुसिया होत्या, केरळच्या, वयस्कर. एका दुपारी त्या रिनाच्या खाटेवर येऊन बसल्या.

"प्रार्थनेत ‘आम्हीही इतरांना क्षमा करतो’ ही ओळ आली की तू गप्प होतेस. मी रोज ऐकते."

रिना माझी कड बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "बाबानं हे सोडून नेली नसती तं मयुरी जगली असती."

"मग तू देवाकडे आलीस, की बापापासून पळालीस?"

"मले नाई समजत, सिस्टर."

"घरी जा. देवाची हाक खरी असेल तर तिथंही ऐकू येईल."

आम्ही परत आलो. श्रावणभाऊ पार वाळले होते. खाट सोडून दाराशी भुईवर झोपायचे, उघडेच.

"बाबा, आत झोपा. डास खाऊन राह्यले."

"खाऊ दे."

पुढच्या पावसाळ्यात त्यांनाच ताप भरला. रिनानं त्यांना खाटेवर निजवून मला वर बांधलं. डोळे उघडताच ते मला ओढू लागले. "काढ! मले नको हे! मीच मारलं वं मयुरीले."

रिनानं त्यांचे दोन्ही हात धरले. "बाबा, मले राग होता. लय होता. आता नाई." दोघंही रडली. मयुरी गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कोणी रडलं. त्या संध्याकाळी तिची प्रार्थना कुठंच अडली नाही.

श्रावणभाऊ बरे झाले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगू लागले, "पोरगी आली माही." छपराची कौलं बदलली. पोर आता इथंच राहील, असं मलाही वाटलं.

मोहफुलं वेचून आल्यावर एका सकाळी रिना म्हणाली, "बाबा, मले पुन्हा जावं वाटते."

"अजून राग आहे का?"

"नाई. राग होता तवा काहीच समजत नव्हतं. आता राग नाई, तरी देव बोलावून राह्यला."

श्रावणभाऊंनी टोपलीतली फुलं वाळवायला अंगणात पसरली. मग म्हणाले, "जायचंच होतं तं मंग माफ काऊन केलं वं?"

तेच उठले, तिची पिशवी उचलली आणि तिला बसपर्यंत पोचवून आले.

मला तिनं त्यांच्यासाठी ठेवलं. आता मला दोन-तीन ठिकाणी भोकं पडली आहेत, औषधही धुऊन गेलं आहे. श्रावणभाऊ संध्याकाळ झाली की माझ्या आत येऊन पडतात. झोपत नाहीत. मला त्यांचा श्वास ऐकू येतो, बाकी घरात आवाज नसतो.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर थोडा वेळ त्यांच्या अंगणात बसा. रिनाबद्दल विचारा. "सिस्टर होऊन राह्यली," म्हणून ते सांगायला लागतील, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतील. सांगू द्या. उठायची घाई करू नका.