हळू चालणाऱ्या मुंग्यांचं घर

माझ्या कडेचा एक टवका उडालेला आहे, मित्रांनो, त्यामुळे मी जुनी आहे हे वेगळं सांगायला नको. मी एक काचेची पेट्री डिश आहे, म्हणजे झाकण असलेली चपटी, उथळ बशी. माझी उमेदीची वर्षं सेवाग्रामला, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. माझ्यात खळीसारखं खाद्य ओतून त्यावर रोगजंतू वाढवायचे, ते तपासून झाले की मला वाफेत उकडायचे आणि मग धुवायला पंचफुलाबाईंकडे द्यायचे. पंचफुलाबाई नालवाडीच्या. शिक्षण सातवीपर्यंत. धुतलेली प्रत्येक काच त्या खिडकीतल्या उजेडाकडे धरून पाहत. डॉक्टर म्हणत, पंचफुलाबाईंच्या हातची काच असली की डोळे मिटून काम करावं. ते शब्द माझ्यासाठीही आहेत असं मी समजत असे.

१९९६च्या श्रावणात हौदाला आपटून माझा टवका उडाला. फुटकी काच कामाची नव्हती. डॉक्टरसाहेबांना विचारून पंचफुलाबाईंनी मला घरी नेलं आणि माझ्यात बटणं ठेवली. जंतूंच्या जागी बटणं आली, याचं मला वाईट वाटलं. पण ते फार दिवस टिकलं नाही.

घरामागे हातपंपाजवळ एक बाभळीचं लाकूड कुजत पडलं होतं. एका रविवारी पंचफुलाबाईंनी ते उचललं, तर त्याचा ढलपा निघाला आणि आतून तपकिरी कचरा सांडला. त्या झटकणार होत्या, तेवढ्यात कचऱ्यातला एक कण चालू लागला. त्या मुंग्या होत्या, तिळाहूनही लहान. आणि काय सांगू, त्या पळाल्या नाहीत. मुंगी म्हटली की धावपळ आलीच, पण या धक्का लागला की जागच्या जागी थिजायच्या आणि मग कितीतरी वेळाने एक पाय उचलायच्या. पंचफुलाबाईंनी बटणं ओतून दिली आणि पिसाने एकेक मुंगी माझ्यात घेतली. एकतीस मुंग्या आणि जरा मोठी असलेली एक राणी.

त्यांचे यजमान तानबाजी त्याच दवाखान्यात हातापायांना प्लास्टर घालण्याच्या खोलीत कामाला होते. त्यांनी डोकावून पाहिलं.

"काय करून राह्यली?"

"मुंग्या ठेवून राह्यलो."

"काऊन? घरात का कमी हायेत?"

"अशा नाईत. हे तुमच्या चष्म्यातून पाहा."

तानबाजींनी चष्मा काढून माझ्यावर धरला. मुंगीचं डोकं पिंपळाच्या पानासारखं होतं आणि पुढे दोन लांब जबडे.

आता मी तुम्हाला आमच्या चुका सांगते. पंचफुलाबाईंनी साखर ठेवली. मुंग्या तिच्याकडे फिरकल्या नाहीत. पोळीचा तुकडा ठेवला, त्याला बुरशी आली. पाण्याचा थेंब टाकला, त्यात दोघी बुडाल्या. थेंब नाही टाकला, तर माझा काचेचा तळ कोरडा पडून त्या सुकायच्या. आठ दिवसांत एकोणीस उरल्या. ज्या काचेत नको असलेले जंतू रात्रीतून वाढायचे, त्याच काचेत हवा असलेला जीव टिकत नव्हता. मला माझीच लाज वाटू लागली.

पाण्याचा प्रश्न तानबाजींनी सोडवला. आपल्या खोलीच्या साहेबांची परवानगी घेऊन ते एका पुडीत थोडं प्लास्टर घेऊन आले. मुंग्या वाटीत काढून ठेवल्या, माझ्या तळाशी ओलं प्लास्टर ओतलं आणि ते घट्ट व्हायच्या आत अंगठ्याने मधोमध एक खळगा दाबला.

"हे पाणी पिते," ते म्हणाले. "कडेले दोन थेंब सोडजो. आतून ओल राहीन, पण कोणी बुडणार नाई."

तसंच झालं. राणी त्या खळग्यात जाऊन बसली आणि बाकीच्या तिच्याभोवती जमल्या. पण खाणं अजून सापडत नव्हतं. पंचफुलाबाई कामावरून आल्या की माझ्यासमोर बसत. रवा, गूळ, मेलेला डास, उकडलेल्या अंड्याचा कण, सगळं देऊन झालं. मुंग्या थिजून उभ्याच.

एका संध्याकाळी त्यांनी त्या कुजक्या लाकडाखालची चिमूटभर माती आणून माझ्यात सोडली. म्हणाल्या, "निदान घरची माती तरी भेटन याईले." मातीतून पांढरे, सुईच्या टोकाएवढे किडे निघाले आणि टणाटण उड्या मारू लागले. एक मुंगी पुढे सरकली. तिने दोन्ही जबडे दोन बाजूंना सरळ उघडले आणि ती तळ्यातल्या बगळ्यासारखी उभी राहिली. किडा जवळ आला, अजून जवळ आला, तिच्या तोंडापुढच्या केसाला लागला, आणि जबडे मिटले. ते मिटताना पंचफुलाबाईंना दिसलेच नाहीत. त्यांना दिसला तो थेट जबड्यात लटकलेला किडा.

"अहो," त्यांनी हळूच हाक मारली, "याईले वाढलेलं नाई चालत. या शिकार करतेत."

त्या दिवसापासून औषधाच्या एका बरणीत ओला कोळसा आणि भाताची शितं ठेवून त्या पांढऱ्या किड्यांची पैदास सुरू झाली. सहा महिन्यांत माझ्यात त्रेपन्न मुंग्या झाल्या.

मग पंचफुलाबाईंना एकच ध्यास लागला, या मुंगीचं नाव काय? एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलं आणि वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सरिता मॅडमकडे नेलं. मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. त्या किती तरी वेळ वर बघेनात.

"हिचं कूळ ओळखता येतं," त्या शेवटी म्हणाल्या, "पण नेमकी कोणती, ते मला सांगता येणार नाही. आपल्याकडे ही कशी जगते, हे लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. मुंग्यांच्या जाती पारखणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवावी लागेल. निदान दहा मुंग्या स्पिरिटमध्ये घालून द्या."

पंचफुलाबाईंनी पिशवीतून कागदाच्या पुड्या काढल्या. माझ्यात मेलेली प्रत्येक मुंगी त्यांनी पुडीत जपली होती आणि वर तारीख घातली होती. प्रयोगशाळेत वस्तूवर तारीख घालतात, तशी.

"मेलेल्या पायजे ना? मंग जित्या कायले मारता, मॅडम?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुड्या ठेवून घेतल्या आणि एक कोरी वही आणि एक भिंग पंचफुलाबाईंपुढे ठेवलं. "जे दिसेल ते लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका."

१९९८च्या मे महिन्यात पंचफुलाबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि त्या पंधरा दिवस दवाखान्यात. तानबाजींनी मला माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवलं. सकाळी दोन थेंब, संध्याकाळी दोन थेंब. चौथ्या दिवशी ते मला घेऊनच वॉर्डात गेले. पंचफुलाबाईंचा चेहरा उतरला होता. पुटपुटत त्यांनी पहिला प्रश्न विचारला,

"किती हायेत?"

"एकसष्ट. अन् तीन अंडी. काल दोनच होती."

"तुमी मोजली?"

"दोनदा मोजली. वहीत लिवलं."

त्यांनी वही उघडली. तानबाजींच्या वाकड्यातिकड्या अक्षरात चारही दिवसांच्या नोंदी होत्या. पंचफुलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मला उशाशी ठेवून घेतलं. मित्रांनो, माणसं एकमेकांना किती जपतात, ते मला त्या दिवशी दिसलं.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात माझ्यात पंखवाल्या सात राण्या निघाल्या. सरिता मॅडम धावत आल्या. पारखणाऱ्यांचं पत्र आलं होतं. नुसत्या कामकरी मुंग्यांवरून नाव ठरत नव्हतं, त्यांना पंखवाल्या राण्या हव्या होत्या, जितक्या मिळतील तितक्या. राण्या झाकणाला आतून धडका देत होत्या. तीन वर्षांत एकदाही मी कुणाला अडवलंय असं मला वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

संध्याकाळी पंचफुलाबाई म्हणाल्या, "दोन देतो, मॅडम. नाव तर मलेही पायजे. पण बाकीच्या पाच जातीन."

"बाहेर गेल्या तर बहुतेक मरतील, पंचफुलाबाई."

"मरतीनही. पण त्याईले उडायसाठी पंख फुटले, पाठवायसाठी नाई."

मॅडमनी मान डोलावली आणि दोघींनाच शिशीत घेतलं. मग पंचफुलाबाईंनी मला हातपंपाजवळ नेऊन माझं झाकण काढलं. चौघी उडाल्या. पाचवी माझ्या फुटक्या कडेवर थांबली, एक पाय उचलून जणू वास घेतला आणि चालतच ओल्या पाचोळ्यात उतरली.

माझ्यातली म्हातारी राणी २००१च्या हिवाळ्यात गेली आणि तिच्यामागून एकेक करत सगळ्या. नाव अजून पक्कं झालेलं नाही. वही मात्र एकशे चाळीस पानांची झाली आहे आणि सरिता मॅडम ती वर्गात वाचून दाखवतात. पंचफुलाबाईंनी वहीसोबत मलाही मॅडमना दिलं, तेव्हापासून मी त्यांच्या कपाटात असते. कधी कधी महिनोन्‌महिने कुणी मला हात लावत नाही, माझ्या प्लास्टरला भेगा पडल्या आहेत. तरी अंगठ्याचा तो खळगा अजून आहे.

मित्रांनो, कुणाला पाळायचं असेल तर आपल्याला गोड लागतं तेच त्याच्यापुढे ठेवू नका. त्याच्यासमोर बसा आणि त्याला काय हवं ते पाहा. आणि उत्सुकतेपोटी एखादा दगड उचललात, तर पाहून झाल्यावर तो होता तसा, हलक्या हाताने परत ठेवा. खाली कुणीतरी एक पाय उचलून, आपण जाण्याची वाट पाहत असतं.